गुडघ्यावरचं इंग्रजी

सरांकडे पहिल्यांदा आलेल्या माणसाला हमखास वाटायचं, सरांचं काहीतरी पडलंय. ओसरीवर सर गुडघे टेकून बसलेले असायचे, चष्मा कपाळावर, नजर फरशीकडे. आलेला माणूस भल्या स्वभावाचा असला की चपला काढून तोही खाली बसायचा आणि कॉटखाली हात घालून चाचपायला लागायचा. "काय पडलं सर? गोळी का?"

सर खूश व्हायचे. "काही पडलं नाही. पण आता तुम्ही आणि मी, दोघंही ऑन अवर नीज आहोत. म्हणा."

पोस्टमननं म्हटलं, गॅसवाल्यानं म्हटलं. वायरमन मात्र "मला अजून अख्खी आळी हाय सर" म्हणून पळाला, आणि तेव्हापासून तो आमच्या मीटरचं रीडिंग रस्त्यावरून, मोबाईलवर फोटो मोठा करून घ्यायचा.

शेवगावात सरांच्या घरामागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. ह्यांचा टेम्पो होता, मार्केट यार्डातला माल न्यायचे. मी घरी शिलाई करायचे. ज्योती आमची एकुलती एक. सर हायस्कुलातून इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. आता ते आणि काकू पुण्याला लेकाकडे असतात. परवा काकूंचा फोन आला, "अगं, तिथं सोसायटीच्या बागेत वॉचमनला घेऊन बसलेत," म्हणाल्या. काय घेऊन बसलेत ते मला विचारावं लागलं नाही.

रिटायर झाल्यावर बाकीचे मास्तर शेती बघतात, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभे राहतात. सरांनी गुडघा धरला. त्यांचं म्हणणं असं, की अख्खं इंग्रजी एका जन्मात एका माणसाला येणं शक्य नाही. म्हणून एकच अवयव घ्यावा आणि तो पुरा करावा. गुडघाच का, हे त्यांनी प्रत्येकाला निराळं सांगितलं होतं. काकूंना विचारलं तर त्या म्हणायच्या, "डोकं घ्यायचं तर आधी सापडायला पायजे ना."

त्यांची एक मोठी समजूत होती आणि ती ते दाढी करताना, भाजी निवडताना, कधीही सांगायचे.

"आपला माणूस उकिडवा बसतो. बिडी ओढायला उकिडवा, एसटीची वाट बघायला उकिडवा, ग्रामसभेत उकिडवा. साहेबाला उकिडवं बसता येत नाही. त्याचा पाय तिथवर वाकतच नाही, अर्ध्यात अडकतो. मग त्याचं सगळं आयुष्य त्या अर्ध्या जागेत. देवापुढे गुडघ्यावर. पोरीला मागणी घालायची, गुडघ्यावर. लढाई हरला, गुडघ्यावर. खेळाडूला निषेध करायचा झाला तरी मैदानात गुडघ्यावर. त्याला उकिडवं बसता आलं असतं तर निम्मं इंग्रजी झालंच नसतं."

ह्यांनी हे फार आदरानं ऐकून घेतलं. घरी आल्यावर जेवताना मला म्हणाले, "म्हंजी मग त्यांच्याकडं सकाळचं कसं..."

"जेवा," मी म्हटलं.

सरांचा दुसरा नियम असा, की गुडघ्याचं इंग्रजी तोंडानं सांगून येत नाही, करून दाखवावं लागतं. त्यासाठी ते पोत्याचा एक चौकोनी तुकडा घडी करून कापडी पिशवीत ठेवायचे. बाजारात जाताना, दवाखान्यात जाताना, पिशवीत पोतं. एकदा बँकेत कॉम्प्युटर बंद पडले होते. लोक ताटकळून उभे. बँकेचे साहेब म्हणाले, सर्व्हर डाऊन आहे. सर म्हणाले, "डाऊन हा फार गरीब शब्द झाला. तुमची बँक ब्रॉट टु इट्स नीज आहे." साहेबांना कळलं नाही. सरांनी काउंटरपुढे पोतं पसरलं आणि बँक कशी झाली आहे ते करून दाखवलं. मागच्या बायकांना फक्त एवढंच दिसलं की मास्तर काउंटरला गुडघे टेकून बसलेत. त्यांना वाटलं, आत कुठल्या तरी देवाचा फोटो असेल. त्यांनी काउंटरला हात लावून कपाळाला लावला. त्यांच्या मागच्यांनीही लावला. सर्व्हर सुरू झाला तेव्हा तर विचारूच नका. पुढे बरेच दिवस त्या खिडकीपाशी लोक आधी नमस्कार करत आणि मग स्लिप देत.

मी सरांशी बोलत नसे. भांडण नव्हतं, मला पुरुषमाणसांपुढे आवाजच फुटत नाही. आईबाप ऊसतोडीला जायचे, चौथीनंतर मीही त्यांच्याबरोबर फडात, तेव्हापासून कोणी शिकलेलं माणूस समोर आलं की माझी मान आपोआप खाली जाते. सरांनी काही विचारलं तर मी काकूंकडे बघून उत्तर द्यायचे. सरांना त्याचं काही वाटत नसे. ते माझ्याशी बोलतच राहायचे.

एकदा मी पिठलं-भाकरी दिली. सर जेवून मागच्या दारी आले आणि म्हणाले, "ज्योतीच्या आई, तुमचं पिठलं म्हणजे मधमाशीचे गुडघे!" मी घरात येऊन पिठल्याचं पातेलं उजेडात धरून बघितलं. पळी फिरवून बघितलं. माशी नव्हती. ज्योती कॉलेजातून आली तेव्हा तिनं सांगितलं की इंग्रजीत एकदम झकास गोष्टीला तसं म्हणतात. पण माझ्या मनात ते राहिलंच. पुढे खिडकीत एक मेलेली मधमाशी सापडली तर मी तिला कागदावर घेऊन निरखलं. गुडघे असतात तिला. झकास म्हणावं असं त्यांत काही दिसलं नाही.

नगरच्या डॉक्टरांनी सरांच्या गुडघ्यांचे फोटो काढून सांगितलं होतं की आतली गादी झिजली. टेकायचे नाहीत, मांडी घालायची नाही, बदलून घ्या.

"बदललेल्या गुडघ्यांवर बसता येईल?" सरांनी विचारलं.

"गुडघे टेकायचे नाहीत म्हटलं ना. चालता येईल."

"चालायचे वाक्प्रचार दुसरं कोणीतरी करील," सर म्हणाले आणि उठून आले. येताना दारात पोतं राहिलं, म्हणून परत गेले. काकूंनी ते दोनदा चुलीत घातलं होतं, सरांनी दोन्ही वेळा नवं कापून घेतलं.

"इंग्रजीत बायको दिसली की नवऱ्याचे गुडघे ढिले पडतात," सर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले. "वीक अ‍ॅट द नीज. माझं तसंच आहे."

"तुमचे संधिवातानं पडलेत," काकू म्हणाल्या. "मला मधी घेऊ नका."

मग ज्योतीचं ठरलं. मुलगा पाथर्डीच्या अंगाचा, अक्षय नाव, कृषी केंद्रात कामाला. दोघांची आधीची ओळख होती, पण हे आम्हाला माहीत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्याचे वडील मुकादम. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन त्यांनी कारखान्यावर जन्म काढला. माणूस चांगला, पण सोयरेधायऱ्यांत आपली मान खाली जाऊ नये ह्याला फार जपणारा. साखरपुडा आमच्या दारात. सरांनी अंगण दिलं, मंडपवाल्याला हॉलमधून लाईट दिली. मास्तर माणूस म्हणून ह्यांनी त्यांच्याच हातात माईक दिला. तिथंच चुकलं.

हल्ली फोटोवाले अंगठी घालायची सरळ घालू देत नाहीत. फोटोवाला म्हणाला, "दादा, एक गुडघा टेकवा आन अंगठी अशी पुढं धरा. वैनी, लाजा." अक्षय खाली वाकला. नवा सूट, प्यांट घट्ट. एक गुडघा टेकला आणि त्याचा तोल गेला, म्हणून त्यानं दुसराही टेकला. तसाच हसत अंगठी धरून बसला. चांगलाच दिसत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि स्पीकरवर सरांचा आवाज आला. "थांबा! नवरदेव, एक गुडघा वर. एक गुडघा म्हणजे मागणी. दोन गुडघे म्हणजे शरणागती. अर्थ बदलतो!"

टाळ्या थांबल्या. मुकादम पहिल्या रांगेत होते. ते म्हणाले, "शरण कोण आलं?"

"इंग्रजीत," सर माईकवरच म्हणाले. "इंग्रजीतला अर्थ सांगतोय."

"इंग्रजीत का हुईना. शरण कोण आलं?"

एवढ्यावरही निभावलं असतं. पण मुकादमांचा एक चुलतभाऊ मागून ओरडला, "मुकादम, पोरगं हळद लागायच्या आधीच शरण गेलं की हो!" आणि सगळा मांडव हसला. बायका हसल्या, आचारी हसला, अक्षयही हसला. मुकादम उठले. पानं मांडली होती, बुंदी वाढून झाली होती. "आमची ताटं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. गाड्या सुरू झाल्या आणि पाहुणे उपाशी गेले. रात्रीपर्यंत त्या चुलतभावानं ह्या सगळ्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, त्यात सरांचा आवाज खणखणीत. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पोरीसाठी दुसरीकडं बघा.

 घासलेली भांडी ज्योतीनं पुन्हा घासायला घेतली. ती संपली की माझ्या शिलाईची कात्री घासली. अक्षयचा फोन आला की मोरीत जाऊन हळू बोलायची. "तुला दोन्ही टेकायला कोणी सांगितलं होतं?" एवढं मला ऐकू आलं. तो काय म्हणाला ते तिनंच नंतर सांगितलं, "म्हणतो, दुसरा टेकला नसता तर प्यांट फाटली असती." आणि मग ती रडली. माझी पोर रडत नाही सहसा.

ह्यांनी सरांपुढे हात जोडले. "सर, तुमीच चला. तुमच्या तोंडून त्यांनी ऐकलंय, तुमच्याच तोंडून फिटंल. फकस्त एवढंच म्हणा, दोन गुडघे म्हंजी बी प्रेमच."

सर म्हणाले, "पण ते तसं नाही."

"आवो त्यांना कुठं म्हाईत हाय!"

"मला माहीत आहे ना."

"एवढं एक खोटं बोला," काकू म्हणाल्या. "माझ्याशी जन्मभर किती बोललात."

"व्यवहारात बोललो. अर्थाच्या बाबतीत कधी नाही बोललो."

सरांना पोरीची काळजी नव्हती असं नाही. ज्योतीला त्यांनी लहानपणापासून शिकवलेलं. त्या दिवशी त्यांनी दूधसुद्धा घेतलं नाही. पण वाकवायचं म्हटलं तर त्यांचे गुडघेच वाकायचे, बाकी माणूस वाकत नसे. शेवटी म्हणाले, "मी येतो. पूर्ण अर्थ सांगितला तर मुकादमांना पटेल. खोटं सांगायची गरज पडणार नाही." ह्यांनी माझ्याकडे बघितलं. दुसरा इलाजच नव्हता.

टेम्पोत पुढे हे, मधे सर, दाराशी काकू. मी मागे हौद्यात, रिकाम्या गोण्यांवर. केबिनला मागे हाताएवढी खिडकी आहे, तिच्यातून सरांचं डोकं दिसत होतं. वाटभर काकू समजावत होत्या आणि ते डोकं नाही नाही म्हणून हलत होतं.

मुकादम अंगणात लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. "या मास्तर. इंग्रजी घिऊन आले का?"

"घेऊन आलो," सर म्हणाले. त्यांना टोमणे कळत नसत.

"मला लांबण ऐकायची न्हाई. एकच इचारतो. त्या दिशी तुमी म्हणले, दोन गुडघे म्हंजी शरण. हे खरं का खोटं?"

हे खाकरले. काकूंनी सरांची बाही ओढली. आतल्या दारात विहीणबाई पदर तोंडाला लावून उभी होती. तिला ही सोयरीक हवी होती, साखरपुड्यात ज्योतीच्या केसात गजरा तिनंच माळला होता. ती डोळ्यांनीच सरांना विनवत होती.

"खरं," सर म्हणाले.

"झालं तर मंग." मुकादमांनी मांडीवर थाप मारली. "च्या घ्या आन निघा."

"पण अर्थ अर्धाच झालाय. करून दाखवल्याशिवाय कळायचा नाही." सरांनी पिशवीतून पोतं काढलं. काकू म्हणाल्या, "अहो, डॉक्टर काय म्हणले!" पण तोवर सर मुकादमांच्या पुढ्यात दोन्ही गुडघ्यांवर. "तुम्ही उभे राहा. हां. आता मी शरण आहे, बरोबर?"

"दिसतंय तर तसंच," मुकादम म्हणाले. त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

"आता ह्याचा दुसरा भाग असा, की..." आणि सर थांबले. त्यांचं तोंड पांढरं पडलं, कपाळावर घाम आला.

"पुढं बोला की," मुकादम म्हणाले.

"बोलतो. गुडघा अडकलाय. पण ते वेगळं आणि अर्थ वेगळा."

हे धावले आणि सरांना काखेत धरून उचलायला लागले. सर असे ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"वढू नका!" मुकादमही ओरडले. "अडाणी हायेत का? अडकलेला गुडघा असा वढत्यात व्हय? मास्तर, डावा का उजवा?"

"डावा."

"आतून कट्ट वाजलं का?"

"वाजलं."

"माझा उजवा वाजतो," मुकादम म्हणाले. खुर्चीला धरून, आई गं, बापा रे करत ते खाली आले, आणि सरांच्या समोर स्वतः दोन्ही गुडघ्यांवर बसले. सरांचा पाय दोन्ही हातांत धरून त्यांनी तो इकडे तिकडे हलवला. "आस्ता. श्वास सोडा. जिना उतरताना दुखतो का चढताना?"

"उतरताना."

"उतरतानाच!" मुकादमांनी दाराकडे मान वळवली. "ऐकलं का? उतरताना दुखतो! ह्या घरात मी बोंबलून सांगतो, उतरताना, तर म्हणत्यात चढताना दुखत आसल. मास्तर, सकाळी उठल्यावर पयलं पाऊल कसं पडतं?"

"काचेवर पडल्यासारखं."

"काच! ह्येच, ह्येच!"

सरांचा पाय मोकळा झाला, पण आता मुकादमांना उठता येईना. एकमेकांना धरून उठायला बघितलं तर दोघंही कण्हून तिथंच बसले. विहीणबाई दारातूनच म्हणाली, "मंग च्या खालीच आणू का?"

चहा खालीच आला. दोघं पाय लांब करून धुळीत बसले होते. मग निर्गुडीचा पाला आला, तो तव्यावर गरम झाला, एरंडाचं तेल आलं. सरांच्या डाव्या गुडघ्याला आणि मुकादमांच्या उजव्या गुडघ्याला एकाच जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या गेल्या. पट्टा बांधावा का नाही, इंजेक्शनानं किती दिवस बरं वाटतं, ढगाळ हवेत कसं ठणकतं, ह्या गोष्टी निघाल्या त्या संपेनात. मुकादमांनी सांगितलं, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचो, तिथं गेले हे गुडघे, पण टोळीपुढं कधी दुखतंय म्हणलो न्हाई. सर म्हणाले, वर्गात उभं राहून गेले, मीही म्हटलं नाही. आम्ही सगळे ह्या दोघांकडे बघत उभे. लग्नाचं नाव काढायची कोणाचीच हिंमत नव्हती.

शेवटी विहीणबाईनंच कप उचलता उचलता विचारलं, "मंग तारखंचं काय?"

"तारखंचं काय म्हंजी?" मुकादम गुडघा दाबत म्हणाले. "ठरलेली हाय ना? सारखं सारखं काय इचारती? मास्तरला अजून पाला बांधून दे संगं."

 ह्यांनी तर घाईनं टेम्पोच सुरू केला. सरांना उचलून केबिनमधे बसवलं, पाल्याची पिशवी मांडीवर दिली, आणि आम्ही निघालो. मी गोण्यांवर बसून ज्योतीला फोन लावायला बघत होते, पण रेंज नव्हती.

गाव मागे पडलं. तिठा आला. तेवढ्यात खिडकीतून सरांचा आवाज आला. "गाडी वळवा."

"काय ऱ्हायलं सर? पोतं?"

"अर्थ राहिला."

"आवो, झालं की सगळं!"

"काय झालं? मुकादमांचा समज तसाच आहे. दोन गुडघे म्हणजे शरण, एवढंच त्यांच्याकडे राहिलं. दुसरा भाग मी सांगणार तेवढ्यात गुडघा अडकला. अर्धवट अर्थावर पोरीचं लग्न लावायचं? ते काही नाही. मी त्यांना परत सुरुवातीपासून विचारतो, शरणागती म्हणजे काय. वळवा."

"अहो, जाऊ द्या ना," काकू म्हणाल्या.

"अर्थाची गोष्ट आहे."

ह्यांचा सरांवर फार आदर. सरांना नाही म्हणणं त्यांना कधी जमलंच नाही. टेम्पो हळू झाला. इंडिकेटर टिकटिक वाजायला लागला. चाक वळलेलं मला हौद्यातून कळलं.

"गाडी वळवायची न्हाई!"

मला वाटलं, काकूच ओरडल्या. मग बघते तर माझाच हात केबिनच्या पत्र्यावर धडाधड बडवत होता. "न्हाई वळवायची म्हणते मी! सरळ घ्या!"

ह्यांनी असा ब्रेक मारला की मी गोण्यांवरून पुढे आले. रस्त्याकडेला एक म्हातारा शेळ्या चारत होता, तो आणि शेळ्या, सगळे आमच्याकडे बघत राहिले. सरांनी सावकाश मागे वळून खिडकीला तोंड लावलं. पहिल्यांदाच मी त्यांच्याकडे सरळ बघत होते.

"ज्योतीच्या आई, पण त्यांना अर्थ..."

"कळाला त्यांना."

"कधी कळला? मी सांगितलाच नाही."

"तुमी खाली बसला आन ते बी खाली बसले, तवाच कळाला. मी बघितलं त्यांच्या तोंडावर."

"पूर्ण कळला?"

"पूर्ण."

मी मुकादमांच्या तोंडावर एवढंच बघितलं होतं की त्यांना गुडघ्याचं कोणीतरी ऐकून घेणारं भेटलं. सर माझ्याकडे बघत राहिले, वर्गात पोरगं खरं बोलतंय का खोटं हे बघावं तसं. मी मान खाली घातली नाही.

सर समोर वळले. टिकटिक चालूच होती.

"मग तो इंडिकेटर बंद करा," ते ह्यांना म्हणाले. "मागून येणाऱ्याचा गैरसमज होतो."